इंटर्नशिपचे अर्ज: शंभर ठिकाणी पाठवावेत की मोजकेच निवडून?

ठाकुर्लीकर · ११ जानेवारी

नमस्कार. मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या चौथ्या सत्रात शिकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या टेक्नॉलॉजी कंपनीत इंटर्नशिप मिळावी म्हणून नोव्हेंबरपासून आजपर्यंत मी ११२ अर्ज पाठवले आहेत. रोज रात्री जेवण झाले की लॅपटॉप उघडायचा, पोर्टलवर जे दिसेल तिथे बायोडेटा पाठवायचा आणि मग झोपायचे, असा क्रम दोन महिने चालला. त्यांपैकी चार ठिकाणांहून उत्तर आले. दोघांनी 'प्रशिक्षण शुल्क' मागितले, एका ठिकाणी ऑनलाइन चाचणी झाली पण पुढे काहीच कळले नाही, आणि एका कंपनीने नकार कळवला.

आमच्या वर्गात दोन मते आहेत. काही जण म्हणतात की हा आकड्यांचा खेळ आहे, ३०० अर्ज केले की एक लागतोच. काही जण म्हणतात की दहा ठिकाणे निवडावीत आणि त्यांच्यावर मेहनत घ्यावी. मे महिन्याला चार महिने उरले आहेत आणि मध्ये अंतर्गत चाचण्या, सबमिशन आणि तोंडी परीक्षा आहेत. हा वेळ कशावर खर्च करावा, हे ज्यांनी हा मार्ग पार केला आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

निळी_शाई · ११ जानेवारी

मी ऐरोलीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि गेली चार वर्षे आमच्या गटासाठी इंटर्न निवडताना येणारे अर्ज वाचते आहे. पलीकडच्या बाजूने काय दिसते ते सांगते, म्हणजे तुझा तुलाच निर्णय घेता येईल.

जाहिरात लागल्यापासून दोन-तीन दिवसांत आमच्याकडे इतके अर्ज येतात की सगळे वाचणे कोणालाही शक्य नसते. मी आलेल्या क्रमाने वाचायला बसते आणि बोलावण्यासारखे आठ-दहा जण सापडले की थांबते. म्हणजे पाचव्या दिवशी आलेला उत्तम अर्ज बहुधा उघडलाच जात नाही. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही, पण असे घडते. दुसरे असे की बहुतेक बायोडेटा एकमेकांच्या प्रती असतात: हवामान दाखवणारे ॲप, कामांची यादी ठेवणारे ॲप, एखाद्या प्रसिद्ध संकेतस्थळाची नक्कल. तिसरे, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते, गिटहबचा (आपला कोड सर्वांना दिसेल असा ठेवण्याच्या संकेतस्थळाचा) दुवा दिलेला असतो आणि तो उघडला की रिकामे पान समोर येते. गेल्या वर्षी एका मुलीच्या पत्रात आमच्याऐवजी दुसऱ्याच कंपनीचे नाव राहिले होते. मुलगी हुशार असणार, पण त्या पत्रावरून मी तिला पुढे कसे पाठवणार?

तुझ्या ११२ अर्जांमधले किती अर्ज जाहिरात लागल्यापासून दोन दिवसांच्या आत गेले होते, हे आधी तपासून पाहा.

विक्रोळी_पूर्व · १२ जानेवारी

ताईंच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण मोजकेच अर्ज करा हा सल्ला ज्यांच्या महाविद्यालयात कंपन्या स्वतः येतात त्यांना परवडतो. माझ्या महाविद्यालयाचे नाव घाटकोपरच्या पुढे कोणाला माहीत नव्हते. मी १४० च्या आसपास अर्ज केले तेव्हा पहिली मुलाखत मिळाली, आणि ती ज्या कंपनीत मिळाली तिचे नाव मी निवडलेल्या दहांत कधीच आले नसते, कारण ती अस्तित्वात आहे हेच मला ठाऊक नव्हते. तिथेच पुढे नोकरी लागली. संख्येला नावे ठेवू नका.

सायन_सर्कल · १२ जानेवारी

विक्रोळी_पूर्व यांच्याशी सहमत. निवड करायला आधी निवडण्याजोगे काही माहीत असावे लागते.

निळी_शाई · १२ जानेवारी

विक्रोळी_पूर्व, आपला मुद्दा मला मान्य आहे. माझा आक्षेप संख्येवर नसून एकच कागद सगळीकडे पाठवण्यावर आहे. आपण त्या १४० व्या अर्जात आधीच्या अर्जांपेक्षा काही वेगळे केले होते का, हे जाणून घ्यायला आवडेल.

विक्रोळी_पूर्व · १२ जानेवारी

प्रामाणिकपणे सांगायचे तर केले होते. त्या जाहिरातीत पोस्टग्रेस या डेटाबेसचा उल्लेख होता आणि माझ्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात मी तोच वापरला होता. तो प्रकल्प बायोडेटात सर्वांत खाली होता, तो मी पहिल्या जागी आणला आणि त्यावर तीन ओळी लिहिल्या. मुलाखतीतले पहिले वीस मिनिटे त्याच तीन ओळींवर बोलणे झाले. हे मला आज लिहिताना आठवले.

माटुंगा_रोड · १३ जानेवारी

शंभर की दहा यापेक्षा कोणता अर्ज कोणत्या महिन्यात करायचा हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे मुलांना ते कोणी सांगत नाही. मोठ्या कंपन्या पुढच्या उन्हाळ्याचे इंटर्न तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्येच, महाविद्यालयांतून निवडून मोकळ्या होतात. जानेवारीत जाग आलेल्याला ती गाडी सुटलेली असते. लहान आणि मध्यम कंपन्यांचे तसे नसते. त्यांना माणूस लागतो तेव्हा त्या जाहिरात देतात, आणि मे महिन्यासाठी त्यांची धावपळ फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते. त्यामुळे धागाकर्त्याने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये केलेल्या अर्जांचे अपयश फार मनाला लावून घेऊ नये.

कंपन्यांखेरीजही वाटा आहेत. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. त्यात गूगलमध्ये जाऊन काम करायचे नसते, तर एखाद्या मुक्त-स्रोत (जिचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा) संस्थेच्या प्रकल्पावर घरूनच काम करायचे असते आणि त्याचे मानधन गूगल देते. संस्थांची यादी साधारणपणे फेब्रुवारीच्या शेवटी लागते आणि प्रस्ताव मार्च-एप्रिलमध्ये घेतले जातात. यादी लागल्यावर संस्था शोधायला निघालेला मागे पडतो. आधीच्या वर्षांच्या याद्या सार्वजनिक असतात, त्यांतून एक संस्था आजच निवडावी आणि तिच्या कोडमध्ये एखादी लहान दुरुस्ती करून पाठवावी. २०२२ पासून हा कार्यक्रम विद्यार्थी नसलेल्यांनाही खुला झाला आहे, त्यामुळे स्पर्धेत अनुभवी माणसेही असतात, याची जाणीव ठेवून प्रस्ताव लिहावा. आउटरीची हा दुसरा कार्यक्रम वर्षातून दोनदा होतो आणि त्याचे मानधन ७००० डॉलर आहे. तो या क्षेत्रात ज्यांना डावलले जाते अशांसाठी आहे. त्यांना बराच वेळ मोकळा लागतो आणि ते महाविद्यालयाचे वेळापत्रक तपासतात, म्हणून आपल्या परीक्षांच्या तारखा आधी पाहाव्यात.

आणि आपल्या पवईत आयआयटी मुंबईचा फॉसी हा मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरचा शिक्षणात प्रसार करणारा प्रकल्प आहे. त्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी आधी एक काम करून दाखवावे लागते आणि निवड त्या कामावरून होते. अपरिचित महाविद्यालयातल्या मुलासाठी याहून सरळ दार मला माहीत नाही. संशोधनाची ओढ असेल तर तिसऱ्या वर्षी कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रमही डोळ्यांसमोर ठेवावा.

ठाकुर्लीकर · १३ जानेवारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निळी_शाई ताई, मी तपासले. ११२ पैकी फक्त ९ अर्ज पहिल्या दोन दिवसांत गेले होते. उरलेल्यांपैकी बऱ्याच जाहिराती तीन-तीन आठवडे जुन्या होत्या. शिवाय माझ्याही गिटहबवर दोनच प्रकल्प आहेत आणि त्यांतला एक हवामानाचे ॲप आहे.

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेबद्दल वडिलांनी वर्तमानपत्रात वाचले होते. तिथे अर्ज करावा का?

माटुंगा_रोड · १३ जानेवारी

२०२४ मध्ये सुरू झालेली ती योजना पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांसाठी नाही. ती सुरू झाली तेव्हा वयाची अट २१ ते २४ होती आणि कालावधी बारा महिन्यांचा होता. तुझ्यासाठी ती नाही.

कल्याणची_आई · १४ जानेवारी

'प्रशिक्षण शुल्क' हा शब्द वाचला म्हणून लिहिते आहे. माझ्या मुलीला गेल्या वर्षी टेलिग्रामवरच्या एका गटातून इंटर्नशिपचे पत्र आले. पत्रावर बोधचिन्ह, शिक्का, सही, सगळे होते. दोन महिने घरून काम, शेवटी प्रमाणपत्र, आणि सुरुवातीला परत मिळणारी २,५०० रुपयांची अनामत. तिला इतका आनंद झाला होता की मी शंका काढली ती तिला आवडली नाही. पैसे भरले. त्यानंतर तिला आठवड्याला एक चित्रफीत पाठवली जायची आणि ती पाहून प्रश्नांची उत्तरे लिहायची, एवढेच काम होते. तिने अनामत परत मागितली त्या दिवशी तिला गटातून काढून टाकले. रक्कम मोठी नव्हती, पण पुढचे दोन महिने तिने कुठेही अर्ज केला नाही. आपल्यातच काही कमी आहे म्हणून आपण फसलो, असे तिने मनाशी धरले होते. ते काढून टाकायला मला फार प्रयास पडले. मुलांनो, असे झाले तर घरी सांगा.

भांडुप_स्टेशन · १४ जानेवारी

कल्याणची_आई, आपण हे लिहिले ते फार बरे केले. जो काम देतो तो पैसे देतो, मागत नाही. हा नियम अनामत, नोंदणी, लॅपटॉपचे भाडे, प्रमाणपत्राचा खर्च या सगळ्यांना लागू आहे. कंपनी खासगी मर्यादित असेल तर तिचे नाव केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधता येते आणि ती कधी नोंदली गेली हेही दिसते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी थांबवण्याची शक्यता अधिक.

विनामानधन कामाबद्दलही बोलायला हवे. ठाकुर्लीहून ऐरोलीला जायचे म्हणजे ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास घर ते महाविद्यालय या मार्गासाठी असतो, त्यामुळे इंटर्नशिपच्या मार्गाचा पास पूर्ण दराने काढावा लागतो. त्यावर बाहेरचे खाणे. मानधन नसलेल्या इंटर्नशिपचा खर्च घरच्यांच्या खिशातून जातो, आणि ज्या घरांना तो झेपत नाही त्यांची मुले आपोआप बाहेर राहतात. म्हणून मी माझ्या कंपनीत इंटर्नला किमान प्रवास आणि जेवण यांचा खर्च द्यायला लावला आहे.

सायन_सर्कल · १५ जानेवारी

ओळखीशिवाय काही होत नाही, हेही कोणीतरी स्पष्ट लिहावे. माझ्या वर्गातल्या ज्या पाच जणांना चांगल्या इंटर्नशिप मिळाल्या, त्यांतल्या चौघांचे कोणी ना कोणी आत होते.

निळी_शाई · १५ जानेवारी

आतल्या माणसाने नाव सुचवले की अर्ज निश्चितपणे वाचला जातो, हे खरे आहे. पण ते नाव नातेवाइकानेच सुचवावे लागते असे नाही. तुमच्या महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुले आज ठाणे, ऐरोली, महापे, पवई इथे कामाला आहेत. त्यांना लिहा. मात्र "सर, कृपया रेफरल द्या" एवढाच निरोप पाठवू नका. तसे निरोप मला आठवड्याला दहा तरी येतात आणि त्यांना काय उत्तर द्यावे ते मला खरोखर कळत नाही. गेल्या मार्चमध्ये आलेला एक निरोप मात्र मी जपून ठेवला आहे. त्याचा आशय असा होता:

"मॅडम, आपल्या कंपनीचे ॲप मी मराठीत वापरतो. तारीख निवडण्याच्या पडद्यावर 'फेब्रुवारी' हा शब्द चौकटीबाहेर जातो. सोबत चित्र जोडले आहे. मी दुसऱ्या वर्षाला आहे आणि अँड्रॉइडचे काम शिकलो आहे. आपल्या गटात उन्हाळ्यात इंटर्न घेणार असाल तर अर्ज कोणाकडे करावा, एवढे सांगितले तरी मी आभारी राहीन."

चार ओळी. त्या मुलाला मी ओळखत नव्हते, तरी त्याचा अर्ज मी स्वतः पुढे नेला.

चर्नीरोडचा_दादा · १६ जानेवारी

मुंबईतल्या मुलांनी बंगळूरूकडे पाहत बसण्यापेक्षा आपल्या शहराचा धंदा काय आहे ते पाहावे. राष्ट्रीय शेअर बाजार आणि २०१६ मध्ये यूपीआय सुरू करणारे एनपीसीआय हे पेमेंट महामंडळ या दोन्ही संस्था वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत, दलाल स्ट्रीटवर बीएसई आहे, आणि त्यांच्या भोवती ब्रोकर, म्युच्युअल फंड, विमा, पेमेंट यांचे सॉफ्टवेअर करणाऱ्या कितीतरी लहान कंपन्या अंधेरी, गोरेगाव, लोअर परळ भागात आहेत. त्यांच्याकडे अर्ज करणाऱ्या मुलाला 'एनएव्ही म्हणजे काय' (फंडाच्या एका युनिटचे मूल्य) हे माहीत असले तरी तो वेगळा उठून दिसतो. म्युच्युअल फंडांच्या एनएव्हीची यादी ॲम्फी ही फंड कंपन्यांची संघटना रोज साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रसिद्ध करते, कोणालाही विनामूल्य. ती रोज उतरवून घेणारा, त्यातल्या गाळलेल्या जागा आणि बदललेली नावे सांभाळणारा एक लहान प्रोग्रॅम केला, तर मुलाखतीत बोलायला तासभराचा ऐवज मिळतो.

ठाकुर्लीकर · १८ जानेवारी

दादांचा सल्ला वाचून एक गोष्ट लिहावीशी वाटली. आमच्या सोसायटीत ४८ सदनिका आहेत आणि माझे वडील सचिव आहेत. देखभालीच्या पावत्या ते अजून कार्बन लावून हाताने लिहितात. ऑक्टोबरमध्ये मी त्यांच्यासाठी पायथॉनमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला होता, जो एक्सेलमधून नावे घेऊन मराठीत पीडीएफ पावत्या काढतो. पहिल्या महिन्यात शिर्के काकांनी पावती परत केली. त्यांच्या नावातली वेलांटी 'श'च्या नंतर आली होती, आणि रफार 'क'वर चढण्याऐवजी 'र'चा पाय मोडून शेजारी उभा होता. मला तेव्हा कारणच समजेना, कारण एक्सेलमध्ये नाव बरोबर दिसत होते. शेवटी मी ते तसेच सोडून दिले आणि वडील पुन्हा कार्बनकडे वळले. हे घरगुती काम असल्यामुळे मी ते बायोडेटात लिहिले नाही. लिहावे का?

निळी_शाई · १८ जानेवारी

अवश्य लिही, पण आधी पूर्ण कर. तुझ्या पीडीएफ लायब्ररीने (पीडीएफ काढणाऱ्या तयार कोडने) प्रत्येक अक्षरचिन्ह साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक मांडले. देवनागरीत साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो. वेलांटी नंतर साठवली जाते आणि आधी दिसते. ही जुळणी करायला वेगळे इंजिन लागते, हार्फबझ हे त्यांतले सर्वांत प्रचलित. वीझीप्रिंट ही पीडीएफ काढणारी पायथॉन लायब्ररी वापरून पाहा, ती पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीमार्फत हार्फबझचीच मदत घेते. आणि शिर्के काकांची आधीची व नंतरची पावती शेजारी-शेजारी ठेवलेले चित्र प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लाव. नाव मात्र बदल. खऱ्या वापरकर्त्याने परत केलेले आणि तू दुरुस्त केलेले काम माझ्या टेबलावर वर्षातून एखाद्या वेळीच येते.

विक्रोळी_पूर्व · १९ जानेवारी

हे वाचून मला माझे मत थोडे बदलावेसे वाटते. अर्जांची संख्या कमी करू नकोस, पण हे काम पूर्ण होईपर्यंत तीन आठवडे एकही अर्ज पाठवू नकोस. त्यानंतर एक तक्ता ठेव: कंपनी, जाहिरातीची तारीख, अर्जाची तारीख, कोणाशी बोललास, काय उत्तर आले. पंधरा अर्जांनंतर तक्ता बघ. उत्तरेच येत नसतील तर दोष बायोडेटात आहे. चाचणीपर्यंत जाऊन थांबत असेल तर कोडिंगचा सराव कमी पडतो आहे. मी हा तक्ता शंभर अर्जांनंतर केला होता, आणि तोपर्यंत सहा महिने गेले होते.

सायन_सर्कल · १९ जानेवारी

मला तिसऱ्या सत्रात एक केटी लागली आहे, म्हणजे एक विषय राहिला आहे. अशा मुलांनी अर्ज करावेत का?

भांडुप_स्टेशन · १९ जानेवारी

करावेत. काही मोठ्या कंपन्या थकलेला विषय असेल तर अर्ज स्वीकारत नाहीत आणि जाहिरातीत तसे लिहितात, तिथे वेळ घालवू नये. लहान कंपन्यांत मला आजवर कोणी केटीमुळे नाकारलेले आठवत नाही, मात्र लपवून ठेवल्यामुळे नाकारलेले दोघे आठवतात. विचारले तर विषयाचे नाव आणि पुढच्या परीक्षेची तारीख सरळ सांगावी.

ठाकुर्लीकर · २९ मार्च

दोन महिन्यांनी परत येतो आहे, कारण सल्ला घेऊन गप्प बसणे बरे नव्हे. पावतीचा प्रोग्रॅम फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण झाला. मार्चच्या पावत्या त्यातून निघाल्या आणि शिर्के काकांनी आपली पावती चष्मा लावून दोनदा वाचून ठेवून घेतली. त्यानंतर मी १७ अर्ज केले, सगळे जाहिरात लागल्यापासून दोन दिवसांच्या आत. त्यांतले सहा आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना लिहून मगच केले. सात ठिकाणांहून उत्तर आले, चार चाचण्या झाल्या, दोन मुलाखती झाल्या. फॉसीचे कामही पाठवले होते, पण तिथे निवड झाली नाही.

रबाळ्यातल्या एका कंपनीने आठ आठवड्यांसाठी महिना १०,००० रुपये मानधनावर बोलावले आहे. ते विमा कंपन्यांसाठी प्रादेशिक भाषांतली कागदपत्रे तयार करतात. मुलाखतीत त्यांनी मला 'शिर्के' हे नाव फळ्यावर संगणकात साठवलेल्या क्रमाने लिहून दाखवायला सांगितले.

एक अडचण आहे. त्यांनी १८ मे ही तारीख दिली आहे आणि आमचा शेवटचा पेपर २७ मे रोजी आहे. हे सांगितले तर जागा जाईल अशी भीती वाटते. २७ तारखेपर्यंतचे दिवस कसेबसे दोन्ही सांभाळावे का?

निळी_शाई · २९ मार्च

अभिनंदन. दोन्ही सांभाळायचा विचारही करू नकोस. आजच ईमेल लिही, फोनवर सांगू नकोस. महाविद्यालयाचे परीक्षेचे वेळापत्रक जोड आणि 'मी १ जूनपासून पूर्ण आठ आठवडे येऊ शकतो' असे नेमक्या तारखांसह लिही. आम्ही दरवर्षी दोन-तीन इंटर्नच्या तारखा परीक्षांमुळे पुढे ढकलतो. रुजू झाल्यावर चौथ्या दिवशी रजा मागितली तर मात्र पंचाईत होते. इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात तुझे पाचवे सत्र सुरू झालेले असेल, तेव्हा ते दिवस घरून काम करता येईल का, हेही त्याच पत्रात विचार.

भांडुप_स्टेशन · ३० मार्च

आणि नवीन तारखांचे पत्र कंपनीच्या लेटरहेडवर मागून घे. महाविद्यालयाचे टीपीओ (प्रशिक्षण व नियुक्ती अधिकारी) ना-हरकत पत्र देताना त्यावरच्या तारखा पाहतात. जुन्या तारखांवर पत्र घेतलेस तर सगळे पुन्हा करावे लागेल.

ठाकुर्लीकर · २ एप्रिल

ईमेल पाठवला. काल उत्तर आले: १ जून चालेल, आणि इंटर्नशिपचा शेवटचा आठवडा घरून. नव्या तारखांचे पत्र आज टीपीओ सरांकडे दिले आहे. सायन_सर्कल, विक्रोळी_पूर्व यांनी सांगितलेला तक्ता माझ्याकडे १७ ओळींचा भरलेला आहे. त्यातल्या पाच कंपन्यांच्या जागा अजून उघड्या आहेत आणि त्यांपैकी तीन ठिकाणी केटीची अट नाही. निरोप पाठवा, मी लगेच देतो. शेवटची जाहिरात गेल्याच आठवड्यात लागली आहे.